धुळ्याच्या तुरुंगातली शाळा

आपल्या मंडळाला यंदा पंचवीस वर्षे पूर्ण झाली. स्मरणिकेसाठी कोणी पाककृती द्यायच्या, कोणी ओव्या जमवायच्या, कोणी अहवाल लिहायचा अशी वाटणी झाली, तेव्हा खानदेशच्या इतिहासावर चार शब्द लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. मी सातवी शिकलेली बाई. वाण्याची यादी आणि भावाला राखीबरोबर चिठ्ठी, एवढेच माझे लिखाण. तरी हे काम मी आनंदाने घेतले आणि विषयही माझा मीच निवडला. त्याला कारण आहे. ते आधी सांगते, म्हणजे पुढचा इतिहास मी का उगाळते आहे ते भगिनींच्या ध्यानात येईल.

दिवाळीनंतरच्या सभेत एका भगिनीने सूचना मांडली, की मंडळाच्या पंचविशीनिमित्त जळगावच्या कारागृहातील बंद्यांसाठी पुस्तकांची एक पेटी द्यावी. सभेत गलका झाला. त्यात सर्वांत मोठा आवाज माझा होता. "आपल्या मुलींना वह्या घ्यायला ओढाताण होते, आणि चोराचिलटांना पुस्तके कशाला?" असे मी उभी राहून म्हणाले. बऱ्याच जणींनी टाळ्या वाजवल्या. सूचना मांडणारी बिचारी गप्प बसली. चहा झाला आणि आम्ही घरोघर गेलो.

रात्री आईला फोन केला. माझे माहेर अमळनेरच्या बाजूचे. आई आता सत्तरी ओलांडलेली आहे. सभेतली फुशारकी मी तिला मोठ्या कौतुकाने सांगितली. वाटले, शाबासकी मिळेल. आई बराच वेळ बोलेना. मग म्हणाली, "तुझे आबा कुठे शिकले, विसरलीस का?"

मी म्हटले, "विसरेन कशी? धुळ्याच्या तुरुंगात. साने गुरुजींच्या संगतीत."

यावर आईने जे सांगितले, ते मी या लेखाच्या शेवटाकडे सांगणार आहे. त्याआधी धुळ्याच्या तुरुंगात त्या काळी काय घडले ते सांगावयास हवे, कारण आपल्या घरापासून शंभर किलोमीटरच्या आत घडलेली ही गोष्ट आपल्यापैकी पुष्कळ जणींना पुरती ठाऊक नाही. मलाही नव्हती. गेले चार महिने वाचनालयातून पुस्तके आणून, मुलाकडून अवघड शब्द समजून घेऊन मी ती गोळा केली.

तेव्हा आपला जळगाव जिल्हा पूर्व खानदेश आणि धुळे जिल्हा पश्चिम खानदेश म्हणून ओळखला जाई. 1906 साली इंग्रज सरकारने एका मोठ्या खानदेशचे हे दोन भाग केले होते. 1930 साली महात्मा गांधींनी मिठाचा सत्याग्रह केला आणि देशभर लोक तुरुंगात जाऊ लागले. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात पांडुरंग सदाशिव साने नावाचे एक तरुण शिक्षक होते. 1924 पासून ते तेथे शिकवीत आणि शाळेचे वसतिगृहही सांभाळीत. मुलांचे अंथरूण आवरावे, आजारी मुलाच्या उशाशी बसावे, असा त्यांचा जीव. मुलांसाठी ते स्वतःच्या हाताने लिहून एक दैनिक काढीत. 1930 साली त्यांनी नोकरी सोडली आणि सत्याग्रहात उडी घेतली. त्यांना शिक्षा झाली. प्रथम धुळ्याच्या तुरुंगात आणि नंतर दूर मद्रासकडे त्रिचनापल्लीच्या तुरुंगात त्यांची रवानगी झाली. तेथे निरनिराळ्या प्रांतांचे लोक एकत्र डांबलेले. कोणाची भाषा कोणाला धड येत नाही. दुसरा असता तर कपाळाला हात लावून बसला असता. गुरुजींनी तेथे तमिळ भाषेशी ओळख करून घेतली आणि तिरुवल्लुवराचा 'कुरल' हा जुना ग्रंथ मराठीत आणला. पुढे सगळ्या प्रांतांच्या भाषा मुलांनी शिकाव्यात म्हणून त्यांनी 'आंतरभारती'चा जो ध्यास घेतला, त्याचे बी या तुरुंगात पडले.

1932 साली चळवळ पुन्हा पेटली. जानेवारीपासून धरपकड सुरू झाली आणि धुळ्याचा तुरुंग भरून गेला. त्या वेळी तेथे वर्ध्याच्या आश्रमातून आलेले विनोबा भावे होते. शेठ जमनालाल बजाज होते. भुसावळचे अण्णासाहेब दास्ताने होते. साने गुरुजी होते. आणि ज्यांची नावे कोणत्याही पुस्तकात छापली गेली नाहीत असे खेड्यापाड्यांतले शेतकरी, मजूर, कारागीर होते. तुरुंगात कैद्यांचे अ, ब आणि क असे वर्ग पाडलेले होते. पैसेवाल्या, शिकलेल्या माणसांना वरचा वर्ग मिळे. खेड्यातला सत्याग्रही क वर्गात जाई. त्याला दळण दळावे लागे, दोर वळावे लागत. घरी जातेही न शिवलेल्या पुरुषांनी तेथे पायलीच्या हिशेबाने ज्वारी दळली. साने गुरुजींनीही दळली. आपल्या आजीपणज्यांनी जन्मभर पहाटे उठून जे केले ते पुरुषांना सरकारने शिक्षा म्हणून करावयास लावले, हे वाचून मला हसूही आले आणि थोडे वाईटही वाटले.

रविवारी कामाला सुट्टी असे. त्या दिवशी विनोबांनी सर्वांना गीता सांगावी असे ठरले. 21 फेब्रुवारी 1932 हा पहिला रविवार. दर रविवारी एक अध्याय. असे अठरा रविवार गेले आणि 19 जून 1932 रोजी अठरावा अध्याय पुरा झाला. बाहेर पांझरेच्या काठी खानदेशचा उन्हाळा तापत होता. आपल्याकडचा चैत्र-वैशाख कसा असतो ते मी काय सांगावे? त्या तापत्या आवारात माणसे खाली बसून ऐकत होती.

विनोबा तेव्हा 36 वर्षांचे होते. संस्कृताचे मोठे पंडित. पण समोर बसलेल्यांत अक्षरशत्रू माणसेही होती, म्हणून त्यांनी पंडितांची भाषा बाजूला ठेवली. घरातले, शेतातले, आईलेकरांचे दाखले देत देत ते बोलले. ते पुस्तक मी वाचले आहे. सातवी शिकलेल्या मला ते कळले यातच सारे आले.

आता विनोबा बोलले, पण ते आपल्यापर्यंत पोचले कसे? बोललेले शब्द वाऱ्यावर जातात. ते उतरवून घेण्याचे काम 32 वर्षांच्या साने गुरुजींनी केले. त्यांना लघुलिपी येत नव्हती. पण हात असा चाले, की समोरचा बोलतो आहे आणि वहीवर अक्षरे उमटत आहेत. त्यातूनच 'गीता प्रवचने' हे पुस्तक झाले. देशातल्या बहुतेक सर्व भाषांत ते गेले. पुढे भूदानासाठी विनोबा गावोगाव पायी हिंडले तेव्हा हे पुस्तक त्यांच्याबरोबर हिंडले. एवढा मोठा ग्रंथ ना काशीच्या घाटावर जन्मला, ना पुण्याच्या वाड्यात. तो आपल्या धुळ्याच्या तुरुंगात जन्मला. तुरुंगाला आपल्याकडे थट्टेने 'कृष्णजन्मस्थान' म्हणतात. या एका बाबतीत ती थट्टा खरी झाली असे म्हणावयास हरकत नाही.

याच वर्षी, विनोबा धुळ्याला असताना, त्यांच्या 'गीताई'ची पहिली आवृत्ती निघाली. गीताईची कथा आपणा बायकांना जवळची वाटेल अशी आहे. विनोबांच्या आई रुक्मिणीबाई यांना गीता समजून घ्यावयाची होती, पण संस्कृत येत नव्हते. सोप्या मराठीत गीता मिळेना, तेव्हा त्यांनी मुलाला म्हटले, की तूच का करीत नाहीस? 1918 साली त्या वारल्या. आईचे ते मागणे मुलाने पुढे बारा वर्षे मनात बाळगले आणि 7 ऑक्टोबर 1930 ते 6 फेब्रुवारी 1931 एवढ्या अवधीत पुरे केले. न शिकलेल्या एका बाईने मागितले म्हणून लाखो घरांना गीता मिळाली. भगिनींनो, मागावयास लाजू नये हा धडा मी त्यातून घेतला.

येथे आपल्या बहिणाबाई चौधरींची आठवण झाल्यावाचून राहत नाही. असोद्याच्या त्या लेकीला अक्षर लिहिता येत नव्हते. शेतात, जात्यावर, चुलीपुढे त्या गाणी रचीत. घरातल्या मुलांनी, त्यांचे चिरंजीव सोपानदेव यांनी, ती उतरवून ठेवली म्हणून वाचली. 3 डिसेंबर 1951 रोजी त्या गेल्या आणि 1952 साली आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह गाणी छापून आली. आता तर आपल्या विद्यापीठालाच त्यांचे नाव आहे. खानदेशने महाराष्ट्राला दिलेली ही दोन धने. एक तुरुंगात बोलले गेले, एक शेतात गायले गेले. दोन्ही वाचली ती कोणीतरी शेजारी बसून लिहून घेतले म्हणून. लिहिता येणे ही काय चीज आहे ते यावरून कळावे.

साने गुरुजींना धुळ्याहून पुढे नाशिकच्या तुरुंगात नेले. तेथे 9 फेब्रुवारी 1933 रोजी त्यांनी 'श्यामची आई' लिहावयास घेतली आणि 13 तारखेला, म्हणजे पाच दिवसांत, लिहून संपवली. दिवसा तुरुंगाचे काम, रात्री लिखाण. आपण सर्वांनी जी वाचून पदराने डोळे टिपले ती आईची गोष्ट गजांआडची आहे, हे मला या वर्षापर्यंत ठाऊक नव्हते.

तुरुंगात शिकण्याची ही रीत केवळ आपल्याकडचीच होती असे नाही. लोकमान्य टिळकांनी ब्रह्मदेशात मंडालेच्या तुरुंगात 'गीतारहस्य' लिहिले, तेही शिसपेन्सिलीने. अंदमानच्या कोठड्यांत सावरकरांनी निरक्षर कैद्यांना शिकवण्याचा आणि कैद्यांसाठी पुस्तके जमवण्याचा उद्योग चालवला. विनोबांनी पुढे 1942 नंतरच्या कैदेत, वेल्लोरच्या तुरुंगात, दक्षिणेच्या चारही भाषा शिकून घेतल्या. पण मला सर्वांत भावली ती कस्तुरबांची हकीकत. 1942 साली त्यांना गांधीजींबरोबर पुण्याच्या आगाखान वाड्यात कैदेत ठेवले. वय सत्तरीच्या पुढे. प्रकृती खालावलेली. तेथे गांधीजी त्यांना वाचन आणि भूगोल शिकवीत. कस्तुरबांनी लिहिण्याच्या सरावासाठी वही मागितली. गांधीजी म्हणाले, आधी सुट्या कागदांवर अक्षर सुधारू दे, मग वही. बांना ते लागले. पुढे वही आणून दिली, तर त्यांनी ती वापरली नाही. काटकसर खरी, पण त्या वहीचा मान बांना हवा होता. कोणाही शिकणाऱ्या बाईला ते कळेल. 22 फेब्रुवारी 1944 रोजी बा तेथेच वारल्या.

आता कोणी म्हणेल, ही तर देशभक्तांची गोष्ट झाली. गांधी, विनोबा, साने गुरुजी कोठे आणि आजचे चोर, मारामारी करणारे कोठे! मीही असेच म्हणत होते. म्हणून आता आईने त्या रात्री काय सांगितले ते लिहिते.

माझे आबा, म्हणजे आईचे वडील, 1932 साली वीस वर्षांचे होते. कोरडवाहू जमीन, घरात आठ तोंडे. गावात प्रभातफेरी निघाली, आबा झेंडा धरून पुढे झाले आणि पकडले गेले. सहा महिन्यांची शिक्षा होऊन धुळ्याला गेले. जाताना त्यांना अक्षर येत नव्हते. परत आले ते वर्तमानपत्र वाचत. आमच्या ओसरीवर साने गुरुजींची तसबीर असे आणि आम्ही नातवंडे येणाऱ्याजाणाऱ्याला मोठ्या दिमाखाने सांगत असू, की आमच्या आबांना गुरुजींनी तुरुंगात शिकवले.

आई म्हणाली, "तसे नव्हते ते. रविवारी आबा मागे बसत. विनोबांचे अर्धे कळे, अर्धे नाही. पण पुढे बसून लिहिणारा तो हात ते बघत राहत. एकजण बोलतो आणि दुसऱ्याच्या हातून ते कागदावर उतरते, हे त्यांनी जन्मात पाहिले नव्हते. तेव्हा त्यांना अक्षराची ओढ लागली. पण शिकवले ते दुसऱ्यानेच. तो मुकादम होता. खुनाच्या गुन्ह्यातला."

जुन्या काळी तुरुंगात लांब मुदतीच्या कैद्यांतूनच काहींना मुकादम नेमीत आणि बाकीच्यांवर देखरेखीला ठेवीत. हा माणूस पूर्वी कोणा दुकानदाराकडे दिवाणजी होता, म्हणून लिहितावाचता. जमिनीच्या भांडणात त्याच्या हातून भाऊबंद मारला गेला होता. आबा दळत तेथे त्याचा पहारा असे. त्याने सांडलेल्या पिठात बोटाने 'ग' काढून दाखवला. गणपतीचा नव्हे, गव्हाचा, असे तो म्हणाला म्हणे. रोज एक अक्षर. जात्याचा एक घास संपेपर्यंत ते गिरवावयाचे आणि कोणी आले की हाताने पुसावयाचे. आबांची सुटका झाली तेव्हा त्या माणसाची कितीतरी वर्षे उरली होती. त्याने आबांना एकच सांगितले, की गेल्यावर मला पत्र लिही, म्हणजे मला कळेल तुला आले ते.

"लिहिले का पत्र?" मी विचारले.

"लिहिले नाही," आई म्हणाली. "तुझ्या आजीने लिहू दिले नाही. म्हणाली, खुनी माणसाशी पत्रव्यवहार म्हटल्यावर पोरींना कोण करून घेईल? तेव्हापासून घरात गुरुजींचे नाव सांगायचे ठरले. आबा त्यावर कधी काही बोलले नाहीत. पण शेवटच्या आजारात एकदा म्हणाले, एक पत्र राहिले."

मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन बसले. पुढे पिठाचा डबा होता. सभेत चोराचिलटांना पुस्तके कशाला म्हणून टाळ्या घेणारी मी. माझ्या घरात अक्षर आले ते एका खुन्याच्या बोटातून. ते आले नसते तर आबांनी मामांना शाळेत घातले नसते, आई चौथीपर्यंत गेली नसती आणि मी सातवीपर्यंत. सातवीच्या पुढची शाळा दुसऱ्या गावी होती म्हणून माझे शिक्षण तेथे थांबले. ते दुःख मी आजवर उगाळते. पण त्याच्या आधीच्या सात इयत्तांचे देणे कोणाचे आहे, हा विचार कधी केला नाही.

आणखी एक गोष्ट लिहावयास हवी, कारण इतिहास लिहिताना आपल्या माणसाची बाजू घेऊ नये. आबांनी गावातल्या मुलांना ओसरीवर अक्षरे शिकवली, पण आजीला शिकवले नाही. आजी मरेपर्यंत अंगठा उठवीत होती. जातेही तेच आणि पीठही तेच. तुरुंगातल्या जात्याशी त्या माणसाला जे सुचले, ते घरातल्या जात्याशी आबांना सुचले नाही. त्यांचा दोष मी काढीत नाही. त्या काळी कोणाच्याच घरात ते सुचत नसे. पण अक्षर कोणाला द्यावयाचे आणि कोणाला नाही, हे ठरवणारे आपण कोण, हा प्रश्न तेथूनही उभा राहतोच.

आता थोडे आजच्या तुरुंगांविषयी. इंग्रजांनी 1894 साली तुरुंगाचा कायदा केला, तो माणसांना बंद ठेवण्याच्या हिशेबाने. कैदी सुधारावा हाही तुरुंगाचा हेतू असावा, हे 1919-20 सालच्या सरकारी समितीने मांडले. 1939 साली औंध संस्थानात, आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे भिंतींवाचूनची वसाहत झाली. कैदी तेथे कुटुंबासह राहून शेती करू लागले. शांतारामबापूंचा 1957 सालचा 'दो आँखें बारह हाथ' हा बोलपट याच प्रयोगावरून सुचला. आता महाराष्ट्रातल्या मोठमोठ्या मध्यवर्ती कारागृहांत नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची आणि दिल्लीच्या इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाची अभ्यासकेंद्रे आहेत. बंदी तेथून पदवीपर्यंत शिकतात. परीक्षा पास होणाऱ्या बंद्याला शिक्षेत 90 दिवसांची सूट मिळते. मुंबईचे सर्वोदय मंडळ तुरुंगांत गांधीजींच्या पुस्तकांवर परीक्षा घेते. म्हणजे धुळ्याच्या रविवारची रीत अजून मोडलेली नाही.

सरकारी आकड्यांप्रमाणे 2022 साली देशातल्या तुरुंगांत पावणेसहा लाखांच्या आसपास माणसे होती. त्यांतली चारांतली तीन अशी, की ज्यांच्या खटल्याचा निकाल अजून लागलेला नाही. आपण ज्यांना सरसकट चोर म्हणतो, त्यांपैकी बहुतेकांवर अजून गुन्हा शाबीतही झालेला नाही. निम्म्याहून अधिक जण दहावीपर्यंत पोचलेले नाहीत. आणि पदवीची केंद्रे मोठ्या कारागृहांत. जिल्ह्याच्या लहान तुरुंगात तारखेची वाट बघत बसलेल्या माणसाला हाताशी पुस्तक असले तर असते.

बायकाही आत आहेत. सहा वर्षांच्या आतले मूल आईबरोबर तुरुंगात राहू शकते. अशा मुलांसाठी पाळणाघर आणि बालवाडी असावी असे सर्वोच्च न्यायालयाने 2006 साली सांगितले. त्या मुलाने काय गुन्हा केला? त्याच्यासाठी चित्रांचे एक पुस्तक आपल्या घरात मिळणार नाही काय? आपली मुले मोठी झाली, त्यांची पुस्तके माळ्यावर धूळ खात पडली आहेत.

तरीही सभेतला माझा मूळ प्रश्न खोटा होता असे मी म्हणत नाही. आपल्या मुलींना वह्या हव्यात हे खरेच आहे. पण विद्या म्हणजे तेलाची बुधली नव्हे, की तिकडे ओतले तर इकडे कमी पडावे. आपल्या मुलींच्या वह्या तुरुंगातल्या माणसाने हिसकावलेल्या नाहीत. दोघांनाही कमी पडते, याचे कारण आपण दोघांच्याही बाबतीत हात आखडता घेतो. ज्याचे नुकसान झाले, ज्याचे माणूस गेले, त्याचा राग मी समजू शकते. शिक्षा होऊ नये असे मी कोठेही म्हटलेले नाही. पण शिक्षा भोगून माणूस एक दिवस आपल्याच गल्लीत परत येतो. तो येताना काय घेऊन यावा, एवढेच आपल्या हाती आहे. आबा अक्षर घेऊन आले.

गेल्या महिन्यात एका लग्नानिमित्त धुळ्याला जाणे झाले. एरंडोल, पारोळा ओलांडून बस गेली. लग्न उरकल्यावर मी यजमानांना म्हटले, मला तुरुंगाची भिंत बघायची आहे. ते हसले, पण घेऊन गेले. भिंत म्हणजे भिंतच. आपण रस्त्याच्या या बाजूला उभ्या. वाटले, त्या माणसाचे नाव तरी आईला विचारावे. आईला ते ठाऊक नाही. आबांनी कधी सांगितले नाही, किंवा सांगितले असेल तर कोणी ध्यानात ठेवले नाही. ते पत्र आता कोणाच्या पत्त्यावर जाणार?

परत आल्यावर त्या भगिनीच्या घरी गेले, तिची क्षमा मागितली आणि तिची सूचना मी पुन्हा मांडते म्हणून सांगितले. या महिन्याच्या सभेत ती मांडली. अजून सर्व जणींचे एकमत झालेले नाही. होईल तेव्हा होईल. पण एक लहानसे ठरले आहे, ते येथे नोंदवते. येत्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून वाट्या आणि डबे लुटावयाचे नाहीत. प्रत्येकीने एक पुस्तक आणावयाचे. अर्धी पुस्तके मंडळाच्या कपाटात आपल्या मुलींसाठी, अर्धी पेटीत. पेटी कारागृहाच्या अधीक्षकांच्या परवानगीने द्यावयाची. आणि दर शनिवारी दुपारी आपल्या वस्तीतल्या अंगठा उठवणाऱ्या बायकांना अक्षरे शिकवावयाची. तो वर्ग मी घेणार आहे. माझ्या आजीची बाकी तेथे फिटेल तेवढी फेडीन.

मुलगा म्हणतो, आई, 17 नंबरचा फॉर्म भरून तू दहावीला बस. तुरुंगातले लोक बसतात, तुला काय झाले? वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी गणित येईल की नाही, देव जाणे. पण कस्तुरबांच्या मानाने मी अजून लहानच आहे. वही मात्र मी कोणाकडे मागितली नाही. स्वतःच घेऊन आले.

आमच्या घरच्या तुरीच्या डाळीत, फोडणीच्या वासात हे लिखाण झाले आहे. काही चुकले असेल तर जाणत्या भगिनींनी सांभाळून घ्यावे. संक्रांतीला येताना पुस्तक विसरू नये, ही विनंती.